डोळे नसलेलं सीताफळ
परसबागेतल्या पॉपॉचा आढावा

ओहायोत सप्टेंबर उजाडला की नदीकाठच्या रानात एक वास दरवळायला लागतो. पिकलेली केळी आणि रामफळं एकाच टोपलीत झाकून ठेवावीत, तसा. वासाच्या मागावर गेलं की फूटभर लांब, खाली झुकलेल्या पानांची ठेंगणी झाडं दिसतात आणि त्यांच्या बुडाशी पाचोळ्यात पडलेली हिरवट-पिवळी, मुठीएवढी फळं. हा पॉपॉ. कोलंबसला राहायला आल्यावर पहिली सहा वर्षं मला त्याचा पत्ताच नव्हता, कारण दुकानात तो कधी दिसलाच नाही. मग एका शेजारणीनं कागदी पिशवीतून तीन फळं आणून दिली. पहिला चमचा तोंडात गेला आणि मी पायरीवरच बसले. चव थेट सासवडच्या घरी घेऊन गेली होती.

ती नुसती घरची ओढ नव्हती. पॉपॉ खरोखरच सीताफळाच्या कुळातला आहे. नावामुळे अनेकांना तो पपई वाटतो. इंग्लंड-ऑस्ट्रेलियात पपईलाच पॉपॉ म्हणतात, आणि अमेरिकेतल्या या फळाला ते नाव बहुधा त्याच घोटाळ्यातून चिकटलं. पण पपईशी याचं काही नातं नाही. लिनियसनं १७५३ मध्ये त्याला सीताफळाच्याच प्रजातीत, अॅनोनात बसवलं होतं. १८१७ मध्ये दुनाल या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञानं त्याला ‘असिमिना ट्रायलोबा’ हे आजचं नाव दिलं. सीताफळाचं जवळजवळ सगळं गोत उष्ण प्रदेशात नांदतं. असिमिनाची प्रजाती तेवढी उत्तरेकडे सरकली, आणि तिच्यातला हा ट्रायलोबा बर्फात टिकायला शिकला. फ्लोरिडाच्या उत्तर भागापासून कॅनडातल्या दक्षिण ऑन्टॅरिओपर्यंत आणि पश्चिमेला नेब्रास्काच्या कडेपर्यंत तो रानात आपसूक वाढतो. उत्तर अमेरिकेच्या मातीतलं हे सगळ्यात मोठं खाद्य फळ.

न्यू जर्सी, मेरीलँड, व्हर्जिनिया, ओहायो इथली आपली मराठी कुटुंबं नेमकी याच पट्ट्यात राहतात, आणि घरामागे थोडी जमीन असली की ‘काय लावावं?’ हा प्रश्न येतोच. आंबा-चिकू इथं जगत नाहीत. मग पॉपॉ लावावा का? कसा? आणि लावलाच तर तो काढायचा कधी? वाढवण्याबद्दल बरंच लिहिलं जातं, काढण्याबद्दल फार थोडं. माझ्या मते मात्र या झाडाचं सगळं मर्म काढणीत आहे.

विसरलेलं फळ

पॉपॉ अमेरिकेला नवा नाही. १५४१ मध्ये दे सोतोच्या स्पॅनिश मोहिमेनं मिसिसिपीच्या खोऱ्यातल्या मूळ रहिवाशांना तो पिकवताना-खाताना पाहिलं होतं. लुईस आणि क्लार्क यांची प्रसिद्ध मोहीम १८०६ च्या सप्टेंबरात मिसुरी नदीतून परतत होती, तेव्हा शिधा संपत आला होता आणि माणसं काठावरच्या पॉपॉवर दिवस काढत होती. जेफरसननं माँटिसेलोच्या आपल्या बागेत तो लावला होता. मिशिगन आणि वेस्ट व्हर्जिनियात पॉपॉ नावाची गावं आहेत, आणि त्याच्या बनात फळं वेचणाऱ्या पोरांचं एक लोकगीत अजून शाळांतून म्हटलं जातं.

असं असताना तो बाजारात का आला नाही? प्रयत्न झाला होता. १९१६ मध्ये अमेरिकन जेनेटिक असोसिएशननं उत्तम फळासाठी ५० आणि सगळ्यात मोठ्या झाडासाठी ५० डॉलरचं बक्षीस लावलं. रानातली चांगली झाडं शोधावीत, त्यांची कलमं करावीत आणि हे फळ देशभर न्यावं, असा तो बेत होता. पण पॉपॉची साल नाजूक, दाबलं की काळी पडते. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, आणि पिकलेलं फळ बाहेर दोन-तीन दिवसांवर टिकत नाही. आगगाडीनं हजार मैल जाणाऱ्या केळ्यापुढे त्याचा टिकाव लागला नाही. गावाकडे त्याला गरिबाचं केळं म्हणायचे, आणि गावं रिकामी झाली तसा तोही विस्मरणात गेला.

त्याला परत आणण्याचं बरंचसं श्रेय नील पीटरसन यांना जातं. १९७०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियात वनस्पतींच्या आनुवंशिकतेचा अभ्यास करताना त्यांनी पहिल्यांदा पॉपॉ खाल्ला आणि आयुष्य त्यालाच दिलं. जुन्या संग्रहांतल्या झाडांचा माग काढून त्यांनी बिया जमवल्या, मेरीलँडमध्ये सुमारे १,५०० रोपं वाढवली, वर्षानुवर्षं चव, गर आणि बियांचं प्रमाण तपासलं आणि मोजकी झाडं निवडली. त्या वाणांना त्यांनी नद्यांची नावं दिली: शेनान्डोआ, सस्क्वेहाना, रॅपाहॅनॉक, अॅलिगेनी, पोटोमॅक, वाबाश. केंटकी स्टेट युनिव्हर्सिटीत १९९० पासून पॉपॉवर संशोधन चालू आहे आणि १९९४ पासून या प्रजातीचा राष्ट्रीय वाणसंग्रह तिथंच आहे. ओहायोत आल्बनीजवळ लेक स्नोडेनच्या काठी १९९९ पासून पॉपॉचा महोत्सव भरतो. २००९ मध्ये ओहायोनं त्याला राज्याचं देशी फळ म्हणून मान दिला, २०१९ मध्ये मिसुरीनं त्याला राज्याचा फळवृक्ष केलं.

बी की कलम, ऊन की सावली

घरी लावणाऱ्यापुढे पहिला प्रश्न हाच. बी फुकट मिळतं, पण त्याला दोन अटी असतात. एक, ते वाळता कामा नये. माझ्या पहिल्या बिया मी आपल्या सवयीनं धुऊन, कागदावर पसरून खिडकीत वाळवल्या. भोपळ्या-काकडीचं बी असंच ठेवतात, म्हणून. त्यातलं एकही उगवलं नाही. सीताफळाचं बी वाळलं तरी रुजतं, पॉपॉचं वाळलं की मेलं. दोन, त्याला हिवाळा लागतो. ओलसर मॉसमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये तीन-चार महिने ठेवायचं आणि मग इंचभर खोल पेरायचं. त्यानंतरही दोन महिने वर काही दिसत नाही. माणूस कंटाळून कुंडी उपडी करतो, आणि तिथंच फसतो. खाली सोटमूळ कधीच निघालेलं असतं. पॉपॉ आधी पाय रोवतो, मग डोकं वर काढतो. म्हणून कुंडी उथळ नको, निदान फूटभर खोल हवी.

हे सोटमूळ फार नाजूक असतं. रानातून उपटून आणलेलं रोप सहसा जगत नाही. ते बहुधा वेगळं रोप नसतंच, मोठ्या झाडाच्या मुळातून फुटलेला धुमारा असतो, त्याला स्वतःची मुळं अगदी थोडी असतात. बियांच्या रोपाला फळ यायला पाच ते आठ वर्षं लागतात आणि फळ कसं निघेल ते आधी सांगता येत नाही. कलमाला तीन-चार वर्षांत फळ येतं आणि वाणाची खात्री असते. ज्याला खायची घाई आहे त्यानं कलम लावावं. ज्याच्या घरी लहान पोरं आहेत त्यानं एखादं बीही लावावं. पोराच्या उंचीबरोबर झाड वाढताना पाहण्यासारखं दुसरं सुख नाही.

उन्हाबद्दल दोन मतं ऐकू येतात, आणि आपापल्या जागी दोन्ही खरी आहेत. रानात पॉपॉ मोठ्या झाडांखाली सावलीत वाढतो, म्हणून काही जण त्याला सावलीतच लावतात. तिथं तो जगतो, देखणा दिसतो, पण फळं मोजकीच देतो. भरपूर फळ हवं तर पूर्ण ऊन हवं. मात्र लहान रोपाला कडक ऊन सोसत नाही, पानं करपतात. पहिली एक-दोन वर्षं जाळीची किंवा गोणपाटाची सावली द्यायची आणि मग काढून घ्यायची.

जमीन किंचित आम्लधर्मी, सामू साडेपाच ते सातच्या आसपास, आणि पाण्याचा निचरा चांगला हवा. आमच्याकडची माती चिकण. खड्ड्यात पाणी साचू नये म्हणून मी माती उंचवट्यावर चढवली, बुडाशी पाचोळ्याचा जाड थर दिला. दोन झाडांत आठ फूट अंतर पुरतं. पहिल्या दोन उन्हाळ्यांत पाण्याचा खंड पडू देऊ नये. झाड उणे २५ अंशांपर्यंतची थंडी सहज झेलतं. उलट थंडी न मिळाली तर ते फुलत नाही. साधारण ४०० तासांची हिवाळी विश्रांती त्याला लागतेच. त्यामुळे पिशवीत बिया लपवून पुरंदरला न्यायचा मोह कुणाला झाला तर त्यानं तो आवरावा. बियांच्या आयातीचे नियम आहेतच, शिवाय आपल्याकडच्या हिवाळ्यात या झाडाला बहार धरणार नाही. तिकडे सीताफळ आहे, तेवढं पुरे.

फुलं येतात, फळ येत नाही

माझ्याकडे हे चार वर्षं चाललं. एका रोपवाटिकेतून दोन झाडं आणली होती. दर एप्रिलला पानांच्या आधी फुलं यायची, गडद लाल, जुन्या पैठणीच्या काठाच्या रंगाची, खाली तोंड करून लोंबणारी. मे महिन्यात सगळी गळून जायची. पुढे कळलं की दोन्ही झाडं एकाच मुळाचे धुमारे होते. पॉपॉला परक्या झाडाचा पराग लागतो. दिसायला झाडं दोन होती, पण रक्त एकच. रानात पॉपॉचं अख्खं बन असूनही फळ दिसत नाही, त्याचं कारण बहुतेक वेळा हेच असतं. ते सगळं बन म्हणजे एकच झाड, मुळांनी पसरलेलं.

फुलाची रचनाही अशी की ते स्वतःचा पराग स्वतः घेत नाही. आधी मधला स्त्रीकेसर तयार होतो, हिरवा आणि चकचकीत. तो सुकला की मग भोवतीचा पुंकेसरांचा गोळा तपकिरी होऊन मोकळा होतो. सीताफळाच्या फुलाचीही हीच तऱ्हा. आणि याला मधमाशी विचारत नाही. रंग मांसाचा, वास मंद कुजकट, त्यामुळे येतात त्या माश्या आणि बारीक भुंगेरे. त्यांचा भरवसा कमी, म्हणून फुलोऱ्याच्या दिवसांत झाडाला मांसाचे तुकडे टांगणारे बागवान इथं आहेत. मला ते जमण्यासारखं नव्हतं. मी शेनान्डोआचं एक आणि सस्क्वेहानाचं एक, अशी दोन कलमं आणून लावली आणि फुलं आल्यावर रंगकामाचा मऊ कुंचला हातात घेतला. एका झाडावरच्या तपकिरी फुलातला पराग बशीत झटकायचा आणि दुसऱ्या झाडावरच्या हिरव्या, चकचकीत टोकांना अलगद लावायचा. रोज सकाळी दहा मिनिटं, आठवडाभर. त्या वर्षी घडच्या घड धरले. एका फुलात स्त्रीकेसर अनेक असल्यानं एकाच देठाला सहा-सात फळंही लागतात. सगळी ठेवली तर फांदी मोडते आणि फळं बारीक राहतात, म्हणून वेळीच विरळणी करावी.

बाकी या झाडाला औषधपाणी जवळजवळ लागत नाही. पानं-सालींत अॅसिटोजेनिन नावाची कडवट द्रव्यं असल्यानं कीड कमी आणि हरणंही तोंड लावत नाहीत. मात्र हरणांचे नर खोडावर शिंगं घासून साल सोलतात, तेव्हा बुंध्याला जाळी हवीच. ही कडवट पानं आवडीनं खातं ते झेब्रा स्वॅलोटेल नावाच्या पांढऱ्या-काळ्या पट्ट्यांच्या फुलपाखराचं सुरवंट. त्याला दुसरं झाडच चालत नाही. आपल्याकडे सीताफळावर आणि खोट्या अशोकावर वाढणारं हिरव्या ठिपक्यांचं फुलपाखरू याच्याच भाऊबंदांपैकी. समुद्रापलीकडेही दोन्ही घराण्यांची सोयरीक टिकून आहे. चार पानं खाल्ली तर खाऊ द्यावीत.

पाड कसा ओळखायचा

आता खरा प्रश्न. पहिल्या भरघोस वर्षी सप्टेंबरात आई इथं होती. तिचं सगळं आयुष्य सीताफळांच्या पाट्या भरण्यात गेलं. मी तिला झाडाखाली नेलं. तिनं फळ हातात धरून फिरवलं आणि विचारलं, “अगं, याचे डोळे कुठायत?”

सीताफळ काढायचं कधी हे सीताफळच सांगतं. डोळे उघडतात, मधली फट पिवळसर-पांढरी होते, की फळ उतरवायचं. मग ते घरात दोन दिवसांत पिकतं. आंब्याला पाड लागला की काढून अढी घालता येते. पॉपॉला डोळे नाहीत आणि अढीही चालत नाही. टणक असताना तोडलं तर ते पिकत नाही, नुसतं काळं पडून चिघळतं. रंगावरही भिस्त ठेवता येत नाही. काही वाण पिवळट होतात, काही शेवटपर्यंत हिरवेच राहतात.

आईनं दोन दिवस झाडाचा अंदाज घेतला. तिसऱ्या सकाळी तिनं एका फळाला देठाजवळ अंगठा टेकवला, दाबला नाही, नुसता टेकवला. मग फळ तळहातावर तोलून किंचित वर उचललं. ते देठातून आपसूक सुटून हातात आलं. “ओढायचं नाही,” ती म्हणाली. “ओढावं लागलं तर ते अजून त्याच्या आईचं आहे.” केंटकीतल्या संशोधकांचा सल्लाही शब्द सोडले तर हाच आहे: पिकलेल्या पीचसारखा मऊपणा, वास, आणि हलक्या हातानं सुटणं.

यावरही दोन पंथ आहेत. एक म्हणतो, पडू द्यावं आणि पडलेलं वेचावं. चवीला तेच सर्वांत उत्तम, यात शंका नाही. पण रॅकून, ओपॉसम आणि खारी आपल्या आधी उठतात, आणि पडलेल्या फळाला खरचटतंच. दुसरा पंथ म्हणतो, मऊ पडायला लागताच काढावं. असं फळ फ्रीजमध्ये तीन आठवड्यांपर्यंत राहतं आणि बाहेर काढलं की दोन-तीन दिवसांत पुरतं पिकतं. माझा कल दुसरीकडे आहे, पण एका अटीवर. रोज झाडाखाली जायला हवं. एका झाडाची फळं तीन-चार आठवडे पुढंमागं पिकत राहतात. आज टणक लागलेलं फळ परवा तयार असतं. दोन दिवस गावाला गेलं की तेवढा हंगाम गेला. बुडाशी गवताचा जाड थर पसरला तर पडलेली फळंही फुटत नाहीत.

खाणं आणि जपणं

आडवं कापावं आणि चमच्यानं खावं. गर पिवळा, खव्यासारखा दाट, सीताफळाची कणी त्यात नाही. चिकूच्या बीपेक्षा मोठ्या, चपट्या, काळपट बिया दोन रांगांत असतात. साल आणि बिया खायच्या नाहीत. आपल्याकडे उवांसाठी सीताफळाच्या बिया वाटून लावायची जुनी पद्धत आहे आणि त्यानं डोळ्यांना इजा झालेल्यांच्या गोष्टीही घरोघर आहेत. त्याच जातीची द्रव्यं पॉपॉतही असतात. इथं त्याच्या अर्काचा उवांवरचा शांपूही निघाला. म्हणजे हे गमतीचं रसायन नव्हे.

गराबद्दलही खरं ते सांगायला हवं. काही जणांना पॉपॉ सोसत नाही, मळमळतं. म्हणून पहिल्यांदा दोन-तीन चमचेच खावेत. कॅरिबियनमधल्या ग्वादेलूप बेटावर १९९९ मध्ये संशोधकांनी लक्ष्मणफळाचं फार सेवन आणि कंपवातासारखा एक आजार यांचा संबंध दाखवला. तिथले लोक फळाबरोबर पानांचा काढाही घेत होते. त्यात संशय असलेलं अॅनोनासिन हे द्रव्य पॉपॉतही सापडतं. हंगामात महिनाभर घरची ताजी फळं खाण्यानं कुणाला असं झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण वर्षभर पुरवून रोज खाण्याचं हे फळ नव्हे आणि अर्क-गोळ्यांच्या वाटेला तर जाऊच नये. आंबापोळीसारखी पॉपॉची पोळी मी एकदा वाळवली होती. घरातल्या दोघांना उलट्या झाल्या. वाळवलेल्या पॉपॉनं असं होतं, हे मला नंतर समजलं. फार शिजवणंही टाळावं, त्यानं वासही जातो. उत्तम उपयोग थंडच: आटवून गार केलेल्या दुधात गर कालवला की सीताफळाच्या रबडीची बहीण तयार. उरलेला गर बी काढून डब्यात गोठवावा.

तर लावावा का?

दोन झाडांपुरती जागा, थंडीचा प्रदेश आणि सप्टेंबरात रोज सकाळी बागेत जायची तयारी असेल, तर जरूर लावावा. वेगवेगळ्या वाणांची दोन कलमं, त्यांच्या सोबतीला एखादं बियांचं रोप, पहिल्या उन्हाळ्यांत सावली-पाणी आणि एप्रिलमध्ये हातात कुंचला. एवढं केलं की पुढं झाडच आपल्याला सांभाळतं. बाजारानं ज्या कारणांनी याला नाकारलं ती सगळी कारणं परसात उलटी होतात. टिकत नाही, म्हणून वाटावं लागतं. एकदम पिकत नाही, म्हणून महिनाभर पुरतं. नाजूक आहे, म्हणून यंत्रानं नाही, माणसाच्या हातानंच उतरवावं लागतं.

आमच्याकडे काही वर्षी गणपतीत पहिलं फळ हाती येतं, काही वर्षी थेट नवरात्रात. देवापुढे ठेवलं की उरलेली कागदी पिशव्यांत भरते आणि गल्लीतल्या दारांवर देऊन येते. पहिली पिशवी त्याच शेजारणीच्या घरी जाते. आई आता फोनवर विचारते, “सुटलं का गं हातात?” मग मी तिला सांगते, आज दोन सुटली, बाकीची अजून त्यांच्या आईची आहेत.